पाणी मोजणारे आरमार

जुलै १८५४मध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा ब्रिटनच्या राजेशाही आरमारात दाखल झाला. जन्म सिलोनमधल्या रामबोड्याचा. वडील लष्करातली नोकरी सोडून कॉफीच्या मळ्यात पडलेले, आणि त्या मळ्यात बुडालेले. मुलाची पहिली नेमणूक झाली 'कलकत्ता' नावाच्या ८४ तोफांच्या लाकडी जहाजावर. क्रिमियन युद्ध चालू होते आणि हे शिडाचे जहाज बाल्टिक समुद्रात जायचे होते. मुलाचे नाव जॉन फिशर. पन्नास वर्षांनी, ऑक्टोबर १९०४मध्ये, हाच फिशर फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे आरमाराचा सर्वोच्च दर्यावर्दी अधिकारी झाला. १९०६च्या फेब्रुवारीत पाण्यात उतरलेली 'ड्रेडनॉट' ही त्याची कामगिरी. तिने जगातल्या बाकीच्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या ठरवल्या.

फिशरच्या आयुष्यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात 'कलकत्ता' जहाजाच्या वाट्याला येते ते एखादे वाक्य: जुने होते, वाफेचे यंत्र नव्हते. ते जहाज मुंबईच्या गोदीत बांधले होते, ही गोष्ट मला त्या वाक्याइतकीच महत्त्वाची वाटते. १४ मार्च १८३१ रोजी ते पाण्यात उतरले. बांधणारे होते वाडिया घराण्यातले नवरोजी जमशेटजी. लाकूड अर्थात सागाचे. ओकच्या लाकडात आम्ल असते, ते लोखंडी खिळ्यांना खाते. सागाच्या लाकडात तेल असते, त्यात खिळा टिकतो. मुंबईची जहाजे इंग्लंडमधल्या जहाजांपेक्षा जास्त वर्षे जगली, त्यामागे वाडियांचे कसब होते तसे हे तेलही होते. १८१७ साली याच गोदीत बांधलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभे आहे.

हे सागवान प्रामुख्याने मलबारचे. पण गोदीची नजर उत्तर कोकणच्या जंगलांवरही होतीच. १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमले, तेव्हा गोदीला पुढेही साग मिळत राहावा हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. आमचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत असे. पूर्वेकडच्या डोंगरांतले झाड कोणी तोडावे आणि कोणी तोडू नये, या कटकटीची सुरुवात त्या काळातली आहे. सरकारी जंगलाचा इतिहास लिहिणारे तो आगगाडीच्या स्लीपरांपासून सुरू करतात. तो जहाजाच्या कण्यापासून सुरू व्हायला हवा.

लाकूड इथले, सुतार इथले, खलाशी इथले. हुकूम मात्र लंडनच्या अ‍ॅडमिरल्टीचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या आरमाराचे आपल्या डोळ्यांसमोर असते ते हे चित्र. ते पुरे खरे नाही. राणीच्या कारकिर्दीची पहिली सव्वीस वर्षे मुंबईत एक वेगळे आरमार होते. त्याचे अधिकारी वेगळे, बढतीची यादी वेगळी, निशाण वेगळे. त्याचे नाव 'इंडियन नेव्ही'. ३० एप्रिल १८६३ रोजी ते बरखास्त झाले. त्या बरखास्तीत या किनाऱ्याने काय गमावले, हे मला या लेखात पाहायचे आहे.

या आरमाराचा उगम १६१२मधला, सुरतेच्या वखारीजवळचा. १६८६ साली ते मुंबईला आले आणि 'बॉम्बे मरीन' झाले. मराठी वाचकाला त्याची ओळख आहे ती शत्रू म्हणून. १७५५ साली सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर जेम्स याच बॉम्बे मरीनचा. त्याच्या विधवेने लंडनमध्ये शूटर्स हिलवर नवऱ्याच्या स्मरणार्थ एक बुरूज बांधला, तो अजून आहे आणि त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग'! आपला सुवर्णदुर्ग लंडनच्या टेकडीवर असा अपभ्रंश होऊन उभा आहे. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून आंग्र्यांचे आरमार बुडवले, ही सल आपल्याला आहे आणि ती रास्त आहे.

पण १८१८नंतर या समुद्रात लढायला शत्रूच उरला नाही. शिरगाव, माहीम, केळवे, तारापूर ही आमची किल्ल्यांची ओळ. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून घेतलेली. इंग्रजांना तिचा काडीचा उपयोग नव्हता. शिरगावच्या किल्ल्यात फांद्या फुटलेले ताडाचे झाड आहे. लोक ते पाहायला येतात, तटबंदी कोणाविरुद्ध होती हे विचारत नाहीत. तोफांचे काम संपल्यावर आरमाराने करायचे काय? बॉम्बे मरीनने याचे जे उत्तर शोधले ते मला फार मोलाचे वाटते. १ मे १८३०पासून तिला 'इंडियन नेव्ही' म्हणू लागले, आणि या नेव्हीतले उत्तमोत्तम अधिकारी पाणी मोजू लागले.

समुद्र मोजण्याची रीत साधी होती आणि जीव खाणारी होती. होडीच्या नाळेवर एक माणूस उभा राहून शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडतो. दोरीवर वावांच्या खुणा. आपले कोळी ज्याला वाव म्हणतात, ते इंग्रजांचे साधारण सहा फुटांचे माप. शिशाच्या तळाला खळगा असतो, त्यात चरबी भरलेली. वजन तळाला टेकले की चरबीला वाळू, चिखल, शिंपल्याचा चुरा जे असेल ते चिकटून वर येते. किती खोल आणि खाली काय, दोन्ही कळले. त्याच क्षणी दुसरा माणूस सेक्स्टंटने किनाऱ्यावरच्या तीन ठिकाणांमधले कोन घेतो, म्हणजे होडी नकाशावर नेमकी कुठे आहे ते ठरते. मग होडी पुढे सरकते. असे दिवसातून शेकडो वेळा, महिनोन् महिने, मे महिन्याच्या उन्हात. पुन्हा भरती-ओहोटीचा हिशेब वेगळा. सकाळी मोजलेले पाच वाव दुपारी तीन भरले, तर नकाशावर कोणता आकडा घालायचा? म्हणून किनाऱ्यावर खुणांचा खांब रोवून एक माणूस तासातासाला पाण्याची पातळी लिहीत बसलेला. मोजणीच्या जहाजाला स्थानिक वाटाड्या तांडेलांवाचून पाऊल टाकता येत नसे. नकाशा छापताना नाव येई ते अधिकाऱ्याचे.

या कामाला खरा पाठिंबा दिला सर चार्ल्स माल्कम यांनी. १८२७ ते १८३८ ते मुंबईच्या या खात्याचे सुपरिंटेंडेंट होते, आणि मुंबईची जिऑग्राफिकल सोसायटी उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकाराने. त्यांच्या काळात रॉबर्ट मोर्सबीने तांबडा समुद्र मोजला आणि नंतर मालदीव. 'पालिन्युरस' जहाजावरून स्टॅफर्ड हेन्सने अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजला. आणि रिचर्ड एथर्सीने मोजले खंबायतचे आखात.

शेवटचे नाव मराठी वाचकाला अगदी अनोळखी असेल. आमच्या किनाऱ्याला मात्र ते जवळचे आहे. सातपाटी-डहाणूच्या होड्या उत्तरेला सरकल्या की ज्या पाण्याशी त्यांची गाठ पडते, ते हे आखात. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढते. आखाताच्या आत भावनगरकडे ते दहा मीटरपर्यंत जाते. अरुंद होत जाणाऱ्या तोंडातून एवढे पाणी सहा तासांत आत शिरायचे आणि सहा तासांत बाहेर पडायचे. ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो, होडी कलंडून बसते, आणि पाणी परत येते ते भिंतीसारखे उभे राहून. शिवाय वाळूचे दांडे आज आहेत तिथे पुढच्या पावसाळ्यानंतर असतीलच असे नाही. भांगाच्या दिवसांत मोजलेली वाट उधाणात उपयोगाची नाही. अशा ठिकाणी १८३०च्या दशकात एथर्सी दोरी टाकत फिरला. त्याची निरीक्षणे १८३८ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आली. एथर्सीकडे मी पुन्हा येणार आहे.

माल्कमनंतर सुपरिंटेंडेंट झाले ते राजेशाही आरमारातले कॅप्टन रॉबर्ट ऑलिव्हर, आणि वारे फिरले. पाण्याच्या मोजणीला ओहोटी लागली. क्लेमेंट्स मार्कहॅमने १८७१मध्ये हिंदुस्थानातल्या मोजणी-कामांचा जो इतिहास छापला, त्यात ऑलिव्हरवर बरेच खापर फोडले आहे. मला ते निम्मेच पटते. ऑलिव्हरच्या मागे दुसराच ससेमिरा होता. १८३०च्या वसंतात मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुएझला पोहोचली आणि इंग्लंडची टपाल अर्ध्याहून कमी दिवसांत येऊ शकते हे सिद्ध झाले. त्यानंतर कलेक्टरापासून कापसाच्या व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकाला टपाल हवी होती. १८५०च्या दशकाच्या मध्यात पी. अँड ओ. कंपनीने हे काम उचलेपर्यंत इंडियन नेव्ही बऱ्याच अंशी टपालवाहू झाली होती. बंदरातला आगबोटींचा कारखाना वाढला. १८४१ ते १८५७ त्याचे मुख्य एंजिनियर होते अर्देसर खरसेटजी वाडिया, रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी फेलो. त्यांच्या हाताखाली गोरे एंजिनियर काम करत. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. टपाल मोजता येते, तिचा उशीर दिसतो, वर्तमानपत्रात छापून येतो. न मोजलेला खडक मात्र जहाज आपटेपर्यंत दिसत नाही. कचेरीने टपाल निवडली, यात नवल नाही.

याच कचेरीचा दुसरा चेहरा पाहायचा तर हेन्सची गोष्ट नीट सांगावी लागेल.

अरबस्तानचा किनारा मोजताना हेन्सने एडनचे बंदर पाहिले आणि ते त्याच्या मनात बसले. आगबोटींना कोळसा भरायला जागा हवीच होती. १८३७च्या आरंभी 'दर्या दौलत' हे जहाज एडनजवळ फुटले आणि लुटले गेले. मुंबई सरकारला निमित्त मिळाले. वाटाघाटी झाल्या, फिसकटल्या, आणि १९ जानेवारी १८३९ रोजी एडन घेतले. व्हिक्टोरियाच्या राज्यात जोडली गेलेली ही पहिली भूमी. तिचा कारभारी म्हणून मुंबईने नेमला तो हेन्सच. दर्यावर्दी माणूस, कारकुनीचा गंध नाही. तिथे तो पंधरा वर्षे राहिला, आणि या पंधरा वर्षांत त्याने रजा घेतली नाही. काही शेकडा वस्तीचे ओसाड गाव त्याच्या हाताखाली वीसेक हजारांचे गजबजलेले बंदर झाले. सुलतानांशी बोलणी त्याने करायची, पाण्याचा बंदोबस्त त्याने बघायचा, हेर त्याने ठेवायचे, आणि तिजोरीही त्यानेच सांभाळायची. हिशेबासाठी पुरेशी माणसे द्या, असे तो मुंबईला लिहीत राहिला. ती पुरेशी मिळाली नाहीत.

१८५४मध्ये मुंबईहून तपासनीस आले. तिजोरीत सुमारे अठ्ठावीस हजार पौंडांची तूट निघाली. हेन्सला मुंबईला बोलावून अपहाराचा खटला भरला. सुप्रीम कोर्टात त्याची दोनदा चौकशी झाली आणि ज्यूरीने दोन्ही वेळा त्याला निर्दोष सोडले. पैसे त्याने खाल्ले, असे कोणी सिद्ध करू शकले नाही. एवढ्यावर प्रकरण संपायला हवे होते. मुंबई सरकारने दिवाणी दावा लावला: चोरी केली नसेल, पण हिशेब जुळत नाही, तेव्हा रक्कम भरा. ती भरणे त्याला शक्यच नव्हते. मुंबईच्या तुरुंगात कर्जदार कैदी म्हणून तो सहा वर्षे राहिला. १८६०मध्ये नवे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क आले, त्यांनी सुटकेचा हुकूम दिला. हेन्सला इंग्लंडला जाणाऱ्या 'पॉइक्टियर्स' जहाजावर चढवले. जहाज बंदरातच होते. १६ जून १८६० रोजी तिथेच तो वारला. वय अठ्ठावन्न.

एडन बळकावणारा माणूस म्हणून हेन्सबद्दल मला ममत्व वाटण्याचे कारण नाही. ज्यांची भूमी गेली त्या अब्दाली सुलतानाच्या लोकांनी एडन परत घेण्यासाठी वारंवार हल्ले केले आणि रक्त सांडले. त्यांच्या बाजूने पाहिले तर हा काव्यगत न्यायच म्हणायचा. पण कारभाराचा नमुना म्हणून पाहा. राज्य जिंकायला, चालवायला, वाढवायला एकच माणूस पुरतो असे कचेरीला पंधरा वर्षे वाटते, आणि बेरीज चुकल्यावर त्याच कचेरीला आठवते की त्याला हिशेब येत नव्हता. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या वाचकांना यात फारसे अनोळखी काही वाटू नये.

हेन्स तुरुंगात असतानाच एथर्सीची पाळी आली. १८५६च्या अखेरीस इराणशी युद्ध सुरू झाले. तेव्हाचे सुपरिंटेंडेंट सर हेन्री लीक स्वतः ताफा घेऊन गेले आणि डिसेंबरात बुशहर घेऊन मुंबईला परतले. मागे आखातातल्या जहाजांची सूत्रे आली कमोडोर एथर्सीकडे. पुढचा बेत होता शत्तुल-अरबमध्ये शिरून मोहमराची ठाणी घेण्याचा. अरुंद नदी, दोन्ही काठांना तोफा, वर सैन्याने भरलेली जहाजे. गाळ आणि प्रवाह यांचा अंदाज एथर्सीइतका कोणाला असणार? कदाचित म्हणूनच त्याला झोप लागेना. १४ मार्च १८५७ रोजी तळावरच्या सैन्याचा सेनापती जनरल स्टॉकर याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तीन दिवसांनी, १७ मार्चला, एथर्सीनेही तेच केले. त्याच्या रोजनिशीत जबाबदारीच्या ओझ्याची धास्ती पानोपानी होती, असे नंतर उघड झाले. २६ मार्चला मोहमरा पडले. जहाजे तोफांच्या माऱ्यातून पार गेली, काम काही तासांत उरकले.

व्हिक्टोरियन आरमाराच्या नेतृत्वाचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत शौर्य असते, शिस्त असते, कधी हेकटपणाही असतो. तीन दिवसांत दोन सेनानी ओझ्याखाली मोडले, ही हकीकत तिथे तळटिपेत जाते. खंबायतच्या आखातात चिखलात रुतून सुटलेला माणूस हुकमाच्या ओझ्यातून सुटला नाही. त्या ओझ्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. वर राजेशाही आरमाराचा सुपरिंटेंडेंट, त्याच्यावर गव्हर्नर, त्याच्यावर लंडनची कंपनी. आणि चूक झाली तर उत्तर द्यायला जहाजावरचा एकटा माणूस. १८२७पासून या खात्याचा कायम प्रमुख नेहमी बाहेरून, म्हणजे राजेशाही आरमारातून, आलेला असे. इंडियन नेव्हीत पोरवयात दाखल होऊन तीस वर्षे घालवलेल्याला ती खुर्ची मिळत नसे.

शेवटी एकाला मिळाली. १८६२मध्ये कमोडोर फ्रशर्ड हा इंडियन नेव्हीचाच अधिकारी प्रमुख झाला, आणि त्याच्या वाट्याला काम आले ते दुकान बंद करण्याचे! १८५८मध्ये कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आल्यावर प्रश्न निघाला होता: राणीची दोन आरमारे कशाला? निर्णय घेणारा हिंदुस्थानचा मंत्री सर चार्ल्स वुड हा १८५५ ते १८५८ अ‍ॅडमिरल्टीचा प्रमुख होता, हे लक्षात घ्यावे. समुद्राचे रक्षण राजेशाही आरमार करील, मुंबईच्या खात्याने सैन्याची ने-आण आणि बंदराची किरकोळ कामे करावीत, असे ठरले. ३० एप्रिल १८६३ला निशाण उतरले. अधिकाऱ्यांना पेन्शनी देऊन घरी पाठवले. त्यांतलाच एक, चार्ल्स रॅथबोन लो, याने १८७७मध्ये दोन जाडजूड खंडांत या आरमाराचा इतिहास लिहिला. तो वाचताना पानोपानी जाणवतो तो नोकरी गेलेल्या माणसाचा राग. म्हणूनच तो वाचनीय आहे आणि म्हणूनच जपून वाचायला हवा.

बरखास्तीचा पहिला फटका बसला तो मोजणीला. सेल्बी आणि टेलर यांनी पश्चिम किनाऱ्याचे हाती घेतलेले काम खुंटले. पुढची अकरा वर्षे या देशाच्या सरकारपाशी समुद्र मोजणारे खातेच नव्हते. आणि ही अकरा वर्षे कोणती? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचे सोने झाले ती, आणि १८६९मध्ये सुएझचा कालवा उघडला ती. मुंबईत येणारी जहाजे वाढली, नकाशे जुनेच राहिले. दिवे तेवढे लागले. १८६७ साली खांदेरीवर, शिवाजी महाराजांनी सिद्दी आणि इंग्रज दोघांच्या नाकावर टिच्चून बांधलेल्या त्या बेटावर, दीपगृह उभे राहिले. १८७५ साली कुलाब्यापुढे प्राँग्जचे. मार्कहॅम आणि आल्फ्रेड डंडास टेलर यांनी लकडा लावला तेव्हा १८७४मध्ये सागरी मोजणीचे नवे खाते निघाले. प्रमुख टेलरच. बरखास्त आरमाराचा माणूस बाराएक वर्षांनी तेच अर्धवट काम पुरे करायला परत आला. या खात्याचे 'इन्व्हेस्टिगेटर' जहाज १८८१मध्ये मुंबईच्याच गोदीत बांधले. त्यावरच्या डॉ. आल्कॉक यांनी खोल समुद्रातल्या जीवांवर १९०२मध्ये लिहिलेले पुस्तक रसाळ आहे. ते मराठीत यायला हवे होते. टेलर निवृत्त झाल्यावर खाते पुन्हा राजेशाही आरमाराच्या अधिकाऱ्याकडे गेले, हे वेगळे सांगायला नको.

इकडे मुंबईच्या उरलेल्या खात्याची नावे बदलत राहिली. पुन्हा 'बॉम्बे मरीन', १८७७पासून 'इंडियन मरीन', १८९२पासून 'रॉयल इंडियन मरीन'. नावात 'रॉयल' आले, अधिकार आला नाही. १८८४च्या कायद्याने ठरवून टाकले की ही जहाजे एरवी लढाऊ नाहीत; युद्ध झाले आणि राजेशाही आरमाराच्या हाताखाली दिली, तरच ती लढाऊ. १८८३ ते १८९८ प्रमुख असलेल्या कॅप्टन जॉन हेक्स्ट यांनी गोदी, जहाजे, कर्मचारी यांची बरीच नीट घडी बसवली. तेही आले होते बाहेरूनच. वाडियांच्या मास्टर बिल्डरची गादी १८८०च्या दशकात संपली. आता जहाजे पोलादाची होती आणि ती क्लाइडवर नाहीतर बॅरोला बांधली जात.

या जहाजांवर काम करणारे हात मात्र कोकणचे राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यातही मोठ्या संख्येने कोकणी मुसलमान. सारंग, तांडेल, कस्साब, लष्कर हे आपल्या बंदरावरचे शब्द मरीनच्या सरकारी दप्तरात हुद्दे म्हणून गेले. शब्द वर चढले. माणूस सारंगाच्या पलीकडे चढू शकला नाही. मुंबईच्या या आरमारात पहिला हिंदी माणूस अधिकारी झाला तो १९२८ साली. १४ जानेवारी १८९७च्या पहाटे 'वॉरन हेस्टिंग्ज' हे मरीनचे जहाज गोरी पलटण घेऊन जाताना रियुनियन बेटाच्या खडकावर चढले. हजारावर माणसे वाचली, दोन गेली. रांगेत शांत उभ्या राहिलेल्या गोऱ्या शिपायांचे तेव्हा फार कौतुक झाले. काळोखात जहाज कलत असताना दोर धरणारे कोण होते, याची चौकशी त्या कौतुकात कुठे नाही.

आणि पैसा? राजेशाही आरमार हिंदी समुद्राचे रक्षण करते म्हणून त्याबद्दल हिंदुस्थानने अ‍ॅडमिरल्टीला दरसाल पैसे द्यायचे. शतकाच्या अखेरीस ही रक्कम एक लाख पौंडांवर स्थिरावली. पौंडाला पंधरा रुपये या तेव्हाच्या भावाने पंधरा लाख रुपये. शिवाय मरीनचा खर्च वेगळा. आणि मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७०च्या सुमारास आणलेल्या 'अ‍ॅबिसिनिया' आणि 'मॅग्डाला' या दोन चिलखती नौकांसारख्या गोष्टींचा वेगळा. रकमेहून जास्त खुपते ते असे की तिच्या बदल्यात एकही हुकूम विकत मिळत नव्हता. ईस्ट इंडीज स्टेशनची जहाजे कधी एडनला, कधी झांजिबारला, कधी इराणी आखातात जातील, ते लंडन ठरवी. १८९५मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी कमिशन बसले. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. १८९७मध्ये गोखले आणि दिनशा वाच्छा यांनी त्यापुढे साक्षी दिल्या. साम्राज्याच्या कामासाठी होणारा खर्च हिंदुस्थानच्या माथी का, हा त्या सगळ्या उलटतपासणीचा गाभा होता. आपण त्या साक्षी सैन्याच्या संदर्भात वाचतो. आरमाराचा आकडा सैन्याच्या मानाने चिमुकला असल्यामुळे नजरेतून निसटतो. तत्त्व तेच.

नोव्हेंबर १९०३मध्ये लॉर्ड कर्झन इराणी आखाताच्या दौऱ्यावर गेले. ते बसले मरीनच्या 'हार्डिंज' जहाजावर. भोवती राजेशाही आरमाराच्या लढाऊ नौका, त्यांचा अ‍ॅडमिरल वेगळा. शारजापुढे अरब शेखांचा दरबार भरला. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, ज्याच्या पदाचा दरारा अर्ध्या आशियात होता, तो ज्या जहाजाने प्रवास करत होता त्याला कायद्याने लढण्याचा हक्क नव्हता. आणि ज्या जहाजांना लढण्याचा हक्क होता, त्यांना हुकूम देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

पुढच्याच वर्षी फिशर आला. दूरदूरच्या समुद्रांत विखुरलेल्या जुन्या, दुबळ्या नौकांवर तैनात माणसे वाया जातात, असे त्याचे मत. जर्मनीच्या धाकाने त्याने बळ इंग्लंडभोवती गोळा केले आणि दीडशेच्या आसपास जुनी जहाजे एका फटक्यात मोडीत काढली. आरमाराच्या दृष्टीने तो बरोबर होता. मला तरी त्याच्या गणितात खोट दिसत नाही. मात्र त्याने ईस्ट इंडीजकडची जहाजे कमी केली, म्हणून हिंदुस्थानचे एक लाख पौंड कमी झाले नाहीत.

मोडीच्या त्याच वर्षांत, १९०८ साली, आणखी एक जहाज विकले गेले. पाऊणशे वर्षांहून जुने. शेवटची बरीच वर्षे डेव्हनपोर्टला तोफखान्याच्या शाळेकडे बांधून ठेवलेले, सागाचे, मुंबईच्या गोदीतले. फिशर तेव्हा फर्स्ट सी लॉर्ड होता, आणि ते जहाज होते 'कलकत्ता'.